गाण्याचे वकील : पंडित विष्णु नारायण भातखंडे

हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी यमन शिकावयास बसला, कीं पहिल्याच दिवशीं त्याला सांगण्यांत येतें : थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, समय रात्रीचा पहिला प्रहर. ही भाषा त्याला अनादि वाटते. वस्तुतः आजच्या या घडणींत ती रूढ होऊन सवाशें वर्षेंहि लोटलेलीं नाहींत. आणि ज्यांनीं ती रूढ केली ते गृहस्थ पेशानें गवई नव्हते. ते वकील होते.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरीं १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळअष्टमीच्या दिवशीं झाला. मुलानें शिकावें, पदवी घ्यावी, चार पैसे मिळवावे आणि घराण्याचें नांव राखावें, एवढीच त्या काळच्या मध्यम स्थितींतील ब्राह्मण घराची अपेक्षा असे. गाणें भजनापुरतें आणि सणावारापुरतें ठीक. त्यापलीकडे गेलेला मुलगा वाया गेला असेंच शेजारीपाजारी समजत. विष्णूनें दोन्ही गोष्टी केल्या. सतारीचे धडे वल्लभदासांपाशीं घेतले, आणि १८८५ सालीं बी. ए. व १८८७ सालीं एल्‌एल्‌. बी. या परीक्षाहि पार पाडल्या. कांहीं काळ कराचीस व पुढें मुंबईंत त्यांनीं वकिली केली.

या वकिलीविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. गाण्याविषयीं मात्र पुष्कळच आहे. १८७० सालीं कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनीं मुंबईंत गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली होती. दिवसभर कचेरींत किंवा पेढीवर राबणाऱ्या भल्या माणसांना संध्याकाळीं चांगलें गाणें शिकतां व ऐकतां यावें, हा तिचा हेतु. १८८४ सालीं भातखंडे तिचे सभासद झाले. तेथें रावजीबुवा बेलबागकरांसारख्या जाणत्यांकडून त्यांना शेंकडों ध्रुपदें मिळालीं, ख्यालहि मिळाले. परंतु चिजांचा सांठा वाढूं लागला, तसतशी मनांतली अडचणहि वाढूं लागली. एक उस्ताद ज्या रागांत कोमल धैवत लावी, त्याच रागांत दुसरा तीव्र धैवत लावी; आणि कारण विचारलें तर दोघांचेंहि उत्तर एकच, “आमच्या घराण्यांत असेंच आहे.” गवयाला हें उत्तर पुरतें. वकिलाला तें कसें पुरणार?

साक्षीदार दोन प्रकारचे होते. एक संस्कृत ग्रंथ, आणि दुसरे गाणारे गळे. ग्रंथ वाचावे तर त्यांतील शुद्ध स्वरसप्तक आजच्या काफीच्या जवळ जाणारें, आणि गवई शुद्ध म्हणून गातात तें बिलावलाचें. म्हणजे ग्रंथ प्रमाण मानले तर गवई खोटे ठरतात, आणि गवई प्रमाण मानले तर ग्रंथ निरुपयोगी होतात. भातखंड्यांनीं ग्रंथ अभ्यासिले खरे, पण निकाल मात्र चालू गाण्याच्या बाजूनें दिला. त्यांच्या साऱ्या कार्याचें मर्म या निकालांत आहे. जुन्या पोथीचा अभिमान बाळगणाऱ्या त्या काळांत असा निकाल देण्यास कांहीं धैर्य लागत होतें.

१९०० सालीं त्यांची पत्नी वारली, आणि १९०३ सालीं एकुलती एक मुलगीहि गेली. घरांत थांबावें असें कारण उरलें नाहीं. १९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले. तेथें एट्टयपुरम्‌ येथील सुब्बराम दीक्षितांची भेट झाली. व्यंकटमखीची बहात्तर मेळांची व्यवस्था दाक्षिणात्यांनीं कशी जिवंत ठेविली आहे हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. पुढें १९०७ व १९०८ सालीं नागपूर, हैद्राबाद, कलकत्ता, काशी, प्रयाग, लखनौ, दिल्ली, जयपूर, उदयपूर असा प्रवास झाला. बरोबर प्रश्नांची यादी असे आणि टिपणवही असे. उलटतपासणीची संवय एकदां हाडांत मुरली, कीं ती आगगाडींतहि सुटत नाहीं. पंडित असो कीं खाँसाहेब, त्यांचे प्रश्न ठरलेले : या रागाचा आरोह कसा, वर्ज्य स्वर कोणता, आणि याला आधार काय?

१९१० च्या सुमारास त्यांनीं वकिली कायमची सोडली. त्याच सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीतम्‌ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु कर्त्याचें नांव घातलें होतें ‘चतुर पंडित’. नंतर हिंदुस्थानी संगीत पद्धति या मराठी ग्रंथाचे चार भाग १९१० पासून १९३२ पर्यंत निघाले. त्यांत गुरु-शिष्यांचा संवाद आहे, आणि गुरुजी आधारास वारंवार त्याच चतुर पंडिताचा श्लोक काढतात. आपलेंच म्हणणें संस्कृतांत मांडून पुढें तेंच प्रमाण म्हणून दाखविणें, ही युक्ति वकिलाची खरीच, थोडी खट्याळहि. मात्र संस्कृत आधारावांचून कोणी ऐकूनच घेईना, अशा काळांत ती योजली होती हेंहि विसरतां येत नाहीं.

बहात्तर मेळांच्या जागीं त्यांनीं दहा थाट घेतले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. ही वाटणी निर्दोष नाहीं. भूपाळी आणि देशकार यांचे स्वर तेच पांच. तरी भूपाळी कल्याणांत जाते आणि देशकार बिलावलांत, कारण दोघांचें चलन निराळें आहे. म्हणजे स्वरांवरून थाट ठरवावयाचा हा नियम येथें बाजूला ठेवावा लागला. अहीरभैरवासारखा राग तर कोणत्याच थाटांत सुखानें बसत नाहीं. टीकाकारांनीं या जागा अचूक दाखविल्या आहेत. पण त्यांनीं सुचविलेल्या व्यवस्था वर्गाच्या फळ्यावर उतरल्या नाहींत, आणि दहा थाट उतरले.

याहून मोठा प्रश्न मालकीचा होता. चीज ही घराण्याची मिळकत. मुलीच्या लग्नांत जांवयाला आंदण म्हणून देण्याइतकी मोलाची. ती स्वरलिपींत छापून दुकानांत ठेविली, तर उस्तादाच्या मुलाच्या हातांत काय राहिलें? हा सवाल रास्त होता. जयपूरच्या घराण्यांतील आशिकअली खाँ, रामपूरचे वजीर खाँ यांच्यासारख्यांनीं जें दिलें, त्यावरच क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग उभे राहिले. त्यांत अठराशेंच्या आसपास चिजा आहेत. आणि तरीहि उस्तादांच्या अशास्त्रीयपणावर भातखंड्यांनीं जे शेरे मारले, त्यांत कांहीं फार कडू आहेत. ऋण मान्य करून धनकोला नांवें ठेवावीं, अशापैकीं तें वाटतें. या बाबतींत त्यांची बाजू मांडणें कठीण आहे. एवढें खरें, कीं त्या चिजा छापल्या गेल्या नसत्या तर त्यांतील कितीएक गाणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

१९१६ सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथें श्रुतींचा वाद निघाला. सांगलीचे देवल आणि न्यायखात्यांतील इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनीं बावीस श्रुतींची पेटी पुढें केली होती. एका बाजूस न्यायाधीश, दुसऱ्या बाजूस वकील, आणि वाद कशाचा, तर स्वराच्या केसभर अंतराचा! गणितानें ठरविलेली श्रुति गळ्यावर लादूं नये, असें भातखंड्यांचें मत होतें, आणि तें त्यांनीं सोडलें नाहीं. परिषदा पुढें दिल्ली, काशी, लखनौ येथेंहि झाल्या. १९१८ सालीं ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघालें. १९२६ सालीं लखनौस निघालेल्या कॉलेजाला प्रांताच्या गव्हर्नराचें, मॅरिस यांचें, नांव दिलें होतें. पुढें त्याला भातखंड्यांचें नांव मिळालें, आणि आतां तें विद्यापीठ झालें आहे. आपले शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या हातीं त्यांनीं तें सोंपविलें.

मैफल गाजविणारे गायक ते कधींच नव्हते, आणि तसा आवहि त्यांनीं आणला नाहीं. १९३३ सालीं पक्षाघातानें त्यांना अंथरुणास खिळविलें. तीन वर्षांनीं, १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. क्रमिक पुस्तक मालिकेचे शेवटचे भाग तेव्हां निघावयाचे होते. ते त्यांच्या पश्चात्‌ प्रसिद्ध झाले.