स्थान, वृत्ति आणि वहिवाट : नांदेड-लातूरकडील पुराणस्थलांविषयीं कांहीं विचार

वाशीम येथें इ. स. १९३९ मध्यें उजेडांत आलेला वाकाटक नृपति द्वितीय विंध्यशक्ति याचा ताम्रपट आमच्या वाचकांस परिचित आहे. नांदीकट नांवाच्या स्थलाच्या उत्तर मार्गावरील एक गांव ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत नमूद असून, नांदीकट म्हणजे आजचें नांदेड, असें संशोधकांनीं मानिलें आहे. या पटाचा उपयोग आजवर बहुधा राजवंशाचा क्रम लावण्याकडे झाला, व तो योग्यच होय. परंतु पटाच्या रचनेकडे लक्ष दिल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. वंशवर्णनाचा भाग संस्कृतांत आहे, आणि दिलेल्या गांवांत राजपुरुषांनीं काय करूं नये, तेथें कोणते कर व कोणत्या वेठी लागू नाहींत, हा व्यवहाराचा सर्व भाग प्राकृतांत आहे. राजाची कीर्ति पंडितांनीं वाचावी, पण व्यवस्था मात्र ज्यांस पाळावयाची त्यांस कळावी, अशी ही योजना दिसते.

आमची हयात संस्कृत शिकविण्यांत गेली असल्यामुळें पहिल्या भागाकडे आमचा ओढा असणें स्वाभाविक आहे. तथापि प्रस्तुत लेखांत आम्हांस दुसऱ्या भागाविषयीं बोलावयाचें आहे. गांवकरी एखाद्या स्थलास आपलें केव्हां म्हणतात, त्याचें मोल कशावरून ठरवितात, आणि त्याची राखण कोणत्या रीतीनें करितात, हा तो विषय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, स्थल केवळ दगडांनीं टिकत नाहीं. त्यास नांव असावें लागतें, त्या नांवानें करावयाचें कांहीं नेमलेलें काम असावें लागतें, आणि तें काम करणारास निर्वाहापुरती वृत्ति असावी लागते. या तिन्ही गोष्टी पिढ्यानुपिढ्या एकत्र चालत आल्या म्हणजे तिला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. वहिवाट मोडली म्हणजे दगडही फार काळ राहत नाहींत.

कंधारचें उदाहरण घेऊं. राष्ट्रकूट नृपति तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या काळच्या तेथील संस्कृत शिलालेखांत जगत्तुंगसमुद्र नांवाच्या तलावाचा व क्षेत्रपालाचा उल्लेख असून, निरनिराळ्या धर्मकृत्यांसाठीं दिलेलीं दानें नोंदविलीं आहेत. या दोहोंपैकीं तलाव आज हजार वर्षांनंतरही आपल्या जुन्याच नांवानें ओळखला जातो. क्षेत्रपालाची दशा निराळी झाली. कंधारास मिळालेले प्रचंड मूर्तीचे अवयव त्याचेच असावेत असें मानितात. अवयवांवरूनच मूर्तीच्या आकाराचा अंदाज बांधावा लागतो. दोन्ही एकाच लेखांत नांदलीं, पण पाण्याची गरज सर्व जातिधर्मांच्या लोकांस रोज पडली, आणि क्षेत्रपालाची सेवा ज्यांच्या वृत्तीवर चालली होती ती वृत्ति राजवटीबरोबर बुडाली. याच कंधारांत हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. तेथें मुजावर आहेत, उरूस भरतो, व जिवंत स्थान म्हणून त्याची ख्याति कायम आहे. शेजारच्या भुईकोट किल्ल्याचें महत्त्व इतिहासाच्या दृष्टीनें तिळमात्र कमी नाहीं. मात्र फौज गेल्यावर तेथें रोज करावयाचें काम कोणासच उरलें नाहीं.

स्थलांची नोंद ठेवण्याची दुसरी रीत माहुराकडे दिसते. महानुभावांनीं चक्रधरस्वामींच्या व पंथांतील अन्य अवतारांच्या संचाराचीं स्थानें निश्चित केलीं, तेथें ओटे बांधिले, व त्यांची माहिती पोथ्यांत लिहून ठेविली. मुनिव्यासांची मानली जाणारी चौदाव्या शतकांतील स्थानपोथी ही या दृष्टीनें अपूर्व आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या आजूबाजूस काय आहे, वास्तव्य नेमकें कोठें झालें, असा तपशील तींत स्थलागणिक मिळतो. पुराणवस्तुसंशोधनाचें खातें निघण्यापूर्वीं कांहीं शतकें एका पंथानें आपल्यापुरतें तें काम केलें होतें. माहूर येथील देवदेवेश्वर हें स्थान पंथीय लोक श्रीदत्तात्रेयांचें निद्रास्थान मानून वंदितात. तेथें वंदनाचा विषय शिल्प नसून जागा आहे. शिल्प साधें असलें, किंबहुना नुसता ओटा असला, तरी त्यांच्या लेखीं स्थानाचें मोल उणें होत नाहीं.

तिसरी रीत कायद्याची. निजामाच्या राज्यांत इ. स. १९१४ मध्यें पुराणवस्तुखातें स्थापन होऊन गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. तत्पूर्वीं जेम्स बर्जेस यांनीं बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांचा वृत्तांत १८७८ मध्यें प्रसिद्ध केला होता, व त्यांत खरोशाच्या लेण्यांचें वर्णन आलें होतें. १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६० मध्यें महाराष्ट्र राज्याचा प्राचीन स्मारकांविषयींचा कायदा झाला. या खटपटीचें ऋण आम्ही मान्य करितों. ती झाली नसती तर कित्येक देवळांचे चिरे आज घरांच्या पायांत दिसले असते. तथापि कायद्याच्या यादींत स्थलाचें नांव, सर्व्हे नंबर व चतुःसीमा येतात. तेथें दिवा कोण लावितो, पालखीस खांदा कोण देतो, जत्रेच्या दिवशीं कोणत्या वाड्याचा मान पहिला, हें यादींत येत नाहीं. तेव्हां स्थल संरक्षित होतें, पण वहिवाट नोंदलीही जात नाहीं.

या दोन दृष्टींतील अंतर उदगिरास चांगलें कळतें. इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत औसा-उदगीरच्या परिसरांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, आणि त्याच वर्षीं भाऊ पानिपताच्या मोहिमेवर निघाले. आमच्यासारख्यांस उदगीर म्हटलें कीं ही लढाई व तिच्यानंतरचा तह आठवतो. गांवच्या भाविकास मात्र तोच किल्ला उदागीरबाबांच्या स्थानामुळें पूज्य वाटतो, व गांवाचें नांवही त्यांच्यावरूनच पडलें असें तो सांगतो. तट एकच, पण तेथें येणाऱ्या दोघांचीं कारणें निरनिराळीं आहेत. यांपैकीं एकास अज्ञ ठरविण्याचा अधिकार दुसऱ्यास नाहीं.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप निश्चित येईल, व तो खोटा नाहीं. वहिवाट चालू असली म्हणजे मूर्तीस तेलशेंदूर लागतो, कोरीव खांबांस रंग बसतो, शिलालेखावर चुन्याचा हात फिरतो, आणि जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं गाभाऱ्यास चकचकीत फरशी येते. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा पाहावा. गुरु गोविंदसिंहजींच्या देहावसानाचें (१७०८) हें स्थान. महाराजा रणजितसिंहांनीं येथील इमारत १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. १९५६ च्या खास कायद्यानें व्यवस्था मंडळाकडे आली, आणि २००८ च्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें आजूबाजूचा परिसर पुष्कळ बदलला. जुन्या बांधकामाचा अभ्यासक तेथें हळहळेल. परंतु गोदावरीचें पाणी घागरींतून आणून स्थान धुण्याचें काम तेथें आजही नेमानें होतें, व जुन्या शस्त्रांचें दर्शन भाविकांस घडतें. तेथील समाजानें जुनेपणा दगडांत न मानतां नेमांत मानिला आहे. त्यानें नेम राखला व दगड बदलला. सरकारी यादी दगड राखते व नेम विसरते.

मग दोहोंचा मेळ कसा बसावा? याचें उत्तर आमच्या जुन्या दानलेखांतच आहे. मध्ययुगीन लेखांतून देवाच्या अंगभोग-रंगभोगासाठीं दिलेल्या दानाबरोबर खंडस्फुटितजीर्णोद्धारासाठीं, म्हणजे फुटक्या-तुटक्याच्या दुरुस्तीसाठीं, दान दिल्याचें वारंवार आढळतें. पूजा ही एक जबाबदारी व दुरुस्ती ही दुसरी, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें. शेवटीं दान हिरावून घेणारास शापही दिला जाई. तेव्हां वृत्ति, दुरुस्ती व जरब, तिन्हींची तजवीज एकाच शिळेवर होती. लातूरच्या पापविनाशाच्या देवळांतील इ. स. ११२८ चा, तिसऱ्या सोमेश्वराच्या काळचा लेख आम्ही लत्तलूर या प्राचीन नांवासाठीं वाचतों. असे लेख या दुसऱ्या दृष्टीनेंही पुन्हा वाचले पाहिजेत.

निजामी अमलांत हीच तजवीज खिदमतमाश इनामांच्या रूपानें चालू राहिली. गुरव, पुजारी, मुजावर यांस सेवेच्या अटीवर जमिनी होत्या, व त्यांच्या चौकशीचे मुन्तखब दिले जात. पुढें इनामें नष्ट करण्याचा कायदा झाला. धार्मिक संस्थांचीं इनामें त्यांतून वगळलीं गेलीं खरीं, पण जमीन व सेवा यांचा संबंध अनेक ठिकाणीं सैल झाला. २००७ पासून राज्यसंरक्षित स्मारकें संस्थांस संगोपनार्थ देण्याची योजना आहे, आणि होट्टलच्या चालुक्यकालीन देवळांच्या निमित्तानें अलीकडे महोत्सवही भरतो. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु महोत्सव भरविणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते, गांवाची होत नाहीं. म्हणून गांवच्या वहिवाटीस त्यांत जागा मिळाली तरच ते टिकतील.

वहिवाट कागदावर नसल्यास काय होतें, हें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपानें दाखविलें. हजारों माणसें दगडमातीच्या भिंती व माळवदें यांखालीं गेलीं, आणि बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. घरांची मोजदाद झाली, व ती आधीं होणेंच योग्य होतें. परंतु गांव म्हणजे केवळ घरें नव्हेत. वेस, पार, मारुती व पिढ्यांच्या वस्तीनें पांढरी झालेली माती मिळून पांढर होते. तिची नोंद कोणत्याही दप्तरांत नव्हती. त्यामुळें नव्या जागीं काय न्यावें व जुन्या जागीं काय राखावें, याचा विचार लोकांस केवळ स्मरणाच्या आधारें करावा लागला, आणि ज्यांस स्मरण होतें त्यांपैकीं कित्येक त्याच पहाटे गेले.

यास्तव मंडळाच्या सभासदांस, विशेषतः हस्तलिखितांच्या संग्राहकांस, आमची एक विनंति आहे. गुरवाच्या किंवा मुजावराच्या घरीं एखादी सनद, मुन्तखब वा मानपानाची यादी आढळली, म्हणजे ती आपल्या संग्रहांत यावी असें वाटणें साहजिक आहे. पण तो कागद म्हणजे त्या घराचा सेवेचा व गांवाचा स्थलावरील हक्काचा पुरावा असतो. तो उचलून नेला तर आमचें कपाट भरतें व गांवाचा हात रिता होतो. म्हणून मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावा, त्याची बिनचूक नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें, व एक प्रत गांवच्या ग्रामपंचायतींतही ठेवावी. कागद नष्टच होण्याच्या बेतांत असेल तर संमतीनें व पावती देऊन घ्यावा, आणि कोणत्या घरचा, कोणत्या स्थानाचा, हें त्यावर अवश्य लिहावें. शिलालेखाचा ठसा घेतांना त्या देवळांत आज दिवा कोण लावितो हेंही विचारून टिपावें. ही माहिती सांगणारीं माणसें वृद्ध होत चाललीं आहेत, व तिची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.