शांबेरीचे चार हत्ती

आल्प्सच्या कुशीतल्या शांबेरी या छोट्या फ्रेंच शहरात एक कारंजे आहे. त्यातले चार दगडी खांबाला टेकलेले हत्ती सोंडेतून पाणी सोडतात. शिल्पकाराने त्यांची मागची बाजू घडवलीच नाही. गावकरी त्यावरून चावट थट्टा करतात.

बर्फाच्या मुलखात हत्ती आले ते आपल्या महादजी शिंद्यांमुळे! १७५१ साली इथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला बन्वा द ब्वान्य, म्हणजे आपला डी बॉयन, महादजींच्या पदरी राहिला. त्याच्या कवायती पलटणींनी १७९० साली पाटण व मेडता येथे राजपुतांना नमवले. पलटणींच्या खर्चासाठी त्याला दुआबातला मुलूख तोडून दिला होता. १७९६ मध्ये तो अमाप संपत्ती घेऊन परतला. शांबेरीत त्याने इस्पितळांना व गोरगरिबांना सढळ हाताने दिले. दान खरेच मोठे. पण त्यात दुआबातल्या कुळांचा साराही होता, हे इतिहासाच्या शिक्षकाला विसरता येत नाही.

त्याच्या मृत्यूनंतर १८३८ साली कारंजे उभे राहिले, तेव्हा शहर सार्डिनियाच्या राज्यात होते. १८६० साली ते फ्रान्सला जोडले गेले. हत्ती तिथेच राहिले, सरहद्द तेवढी सरकली.

त्याची हिंदुस्थानी पत्नी नूर मात्र शांबेरीला आली नाही. इंग्लंडात मागे राहिलेली ती हेलन बेनेट या नावाने १८५३ पर्यंत तिथेच जगली.