दोर, दगड आणि तळहात

चपला काढा. थळच्या वाळूत त्यांचं काम नाही, आणि सन 1679 उजाडलंय म्हटल्यावर खिशातल्या मोबाइलचंही नाही. पावसाळा सरत आलाय. हवा इतकी दमट, की घाम वाळायचं नाव घेत नाही. सुका जवळा, भिजलेला काथ्या, होडीला चोपडलेलं माशाचं तेल असा सगळा वास एकदम नाकात घुसतो. शिंक आली तर खुशाल द्या, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. सगळा किनारा दगड वाहतोय.

दूर पाण्यात काळोखाचा उंचवटा दिसतो ना, ती खांदेरी. शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना तिथे किल्ला बांधायला पाठवलंय. इंग्रजांची जहाजं पहाऱ्यावर आहेत, म्हणून सामान भरलेल्या होड्या रात्रीच निघतात. 'बगतोस काय, धर दोर!' तांडेल तुमच्यावरच ओरडला. धरा.

काथ्याचा दोर तळव्यात घुसतो. मागून रेटारेटी, पायाखाली गाळ, कानात पंधरा जणांचा एकसुरी हुंकार. दगड हलतो आणि तळहात पेटतो.

एवढं होऊनही तो फाटला कसा नाही? वेळेत मागे आलात तसे जरा आतही डोकावा. वरचा मेलेल्या पेशींचा थर ओलांडला की जिवंत पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या दिसतील. डेस्मोग्लीन आणि डेस्मोकॉलीन ही प्रथिनं शेजारणीच्या तशाच प्रथिनांना बिलगतात, आणि पेशीच्या आतले केराटिनचे धागे त्या सांध्यांना बांधलेले असतात. कोळ्याच्या जाळ्यातल्या गाठीच म्हणा. जवळच ई-कॅडहेरिन आहे. कॅल्शियम नसेल तर त्याची पकड सुटते. सगळ्यात खालची रांग अल्फा-6 बीटा-4 इंटेग्रिनने तळाच्या पडद्याला चिकटलेली. आयकॅम-1 हा चिकटवणारा रेणू मात्र निरोगी त्वचेत शोधूनही फारसा सापडत नाही. सूज आली की पेशी तो बाहेर काढतात आणि पांढऱ्या पेशींना थांबायला आधार मिळतो. काम नसताना हत्यार परजत न बसण्याचा हा शहाणपणा मला भारी आवडतो.

पण तुम्ही शहरातले, आणि हात ओले. ओल्या कातडीवर दोर सरकत नाही, धरून ओढतो. वरचा थर दोराबरोबर जातो, खालचा हाडापाशी राहतो, आणि काट्यांचा थर म्हणतात त्या मधल्या थरात चीर पडते. तिथे पाणी भरलं. हा तुमचा फोड! शेजारचा गडी हसतोय. त्याच्या तळव्यावर घट्टे आहेत.

खालची रांग जागची हललेली नाही. दिवसाभरात तिथल्या पेशी जोमाने विभागू लागतील, पाचव्या दिवसापर्यंत वर नवी खपली नव्हे, नवी कातडीच आलेली असेल. तोवर फोडाचं साल ओढून काढू नका. आणि उद्या रात्री दोर धरायच्या आधी हात कोरडे करा.