वाळवंटातील दोन माणसे

डेव्हिड लीन यांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९६२ मध्ये लंडनला झाला. तेव्हापासून त्याचे चाहते आणि पहिल्या महायुद्धाचे अभ्यासक यांच्यात जो वाद सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही. लॉरेन्स जेमतेम साडेपाच फुटांचा, तर पीटर ओटूल सहा फुटांहून उंच. अकाबा ६ जुलै १९१७ रोजी फारशा झुंजीविना हाती आले, खरी चकमक चार दिवस आधी अबा अल लिसान येथे झाली आणि तीत लॉरेन्सने भर धावेत झाडलेली गोळी आपल्याच सांडणीच्या डोक्यात घातली. हे सारे खरे आहे. पण त्याने चित्रपटाचे विशेष बिघडत नाही. इतिहासाचे आणि कलेचे खरे भांडण आहे ते गासिमच्या प्रसंगात.

चित्रपटात नफूदचे वाळवंट ओलांडताना गासिम नावाचा एक अरब उंटावरून पडून मागे राहतो. त्याची घटका भरली, ते विधिलिखित आहे, असे शरीफ अली सांगतो. लॉरेन्स ते मानत नाही. एकटा मागे फिरतो आणि गासिमला जिवंत घेऊन येतो. त्यानंतरच त्याचा गणवेश जाळला जातो व त्याला शुभ्र अरबी पोशाख मिळतो. पुढे अकाबावर चालून जाण्याच्या आदल्या रात्री तळावर खून होतो. कोणत्याही एका टोळीने सूड घेतला तर युती मोडणार. म्हणून ज्याला टोळीच नाही असा लॉरेन्स मारेकऱ्याला देहदंड द्यायला पुढे होतो. मारेकरी मान वर करतो, तो गासिम असतो. लॉरेन्स त्याच्यावर एकामागून एक गोळ्या झाडतो, आणि कैरोला परतल्यावर सेनापती ॲलनबी यांच्यापुढे कबूल करतो की, त्या कृत्यात आपल्याला सुख वाटले. गासिमची ही लहानशी भूमिका आय. एस. जोहर यांची आहे. ‘जोहर मेहमूद इन गोवा’ (१९६५) मुळे ज्यांना आपण विनोदी नट म्हणून ओळखतो, त्यांचा तो मरणापुढचा चेहरा सहसा विसरला जात नाही.

‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या लॉरेन्सच्या ग्रंथात मात्र ही दोन वेगळी माणसे आहेत. मार्च १९१७ मध्ये, लॉरेन्स तापाने व हगवणीने खंगलेला असताना, वादी कितानच्या मुक्कामी हामेद नावाच्या मूर माणसाने सालेम या सोबत्याला गोळी घातली. रक्तवैर टाळावे म्हणून परक्या लॉरेन्सने हामेदला मारले. एका गोळीत ते जमले नाही. ती रात्र त्याने जागून काढली, पहाटेच्या कितीतरी आधी तळ हलवला, आणि सोबत्यांना त्याला उचलून खोगिरावर बसवावे लागले. सुखाचा तेथे उल्लेखही नाही. गासिम येतो तो दोन महिन्यांनंतर, मेमध्ये, अल हौलच्या ओसाड मैदानात; कारण प्रत्यक्ष वाट नफूदमधून गेलीच नव्हती. हा गासिम लॉरेन्सच्याच तुकडीतला, तिरसट आणि कोणालाच नकोसा असलेला. लॉरेन्स मागे फिरतो तोही उदात्त आवेशाने नव्हे, तर आपल्या माणसाची जबाबदारी परकेपणाच्या सबबीवर टाळता येणार नाही, असा त्रासिक हिशेब करीत. परतल्यावर औदा अबू ताई वैतागून म्हणतो की, या माणसाची किंमत एका उंटाएवढीही नव्हती. ना जयघोष, ना शुभ्र वस्त्रे.

मायकेल विल्सन व रॉबर्ट बोल्ट यांच्या पटकथेत दोन माणसांचा एक माणूस झाला, आणि क्रमही उलटला. नायकाने दैवाला आव्हान दिले, दैवाने त्याच्याच हातून येणे वसूल केले: ही ग्रीक शोकात्मिकेची रचना होय, आणि पडद्यावर तिचा आघात विलक्षण आहे. ग्रंथात मारणे आधी, वाचवणे नंतर. लॉरेन्स स्वतः या दोन घटनांमध्ये दुवा जोडत नाही. पण सलग वाचताना, निदान मला, हामेदची सावली गासिमवर पडलेली दिसते. पडद्यावरचा लॉरेन्स अहंकाराकडून क्रौर्याकडे उतरतो. ग्रंथातला आधीच हत्या करून बसलेला आहे, आणि तोच माणूस एका कुचकामी जिवासाठी मागे वळतो. माझ्या मते हा दुसरा माणूस अधिक गुंतागुंतीचा आहे.

लॉरेन्सचे धाकटे बंधू ए. डब्ल्यू. लॉरेन्स यांना चित्रपटातील व्यक्तिरेखा इतकी खटकली की, ग्रंथाचे शीर्षक त्यांनी चित्रपटाला वापरू दिले नाही. तथापि बोल्ट यांनी काळोख कोठून तरी उसना आणला, असे म्हणता येत नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये तफास येथे आपल्या हुकुमाने कैदी घेतले गेले नाहीत, हे लॉरेन्सनेच लिहिले आहे. वेदनेतील सुखाची कबुलीही ग्रंथात आहे. मात्र ती देरा येथे स्वतः फटके खातानाची. (देराच्या प्रसंगाच्या सत्यतेविषयीच काही इतिहासकार साशंक आहेत, हे खरे.) सोसणाऱ्याची कबुली चित्रपटाने मारणाऱ्याच्या तोंडी घातली. चाहते ज्याला नायकाच्या मनाचा तळ समजतात, तो असा हलवलेला आहे.

भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर १९१७ मध्ये लॉरेन्स यार्मूकच्या खोऱ्यातील रेल्वेपूल उडवायला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर जमादार हसन शाह यांच्या हाताखालची भारतीय मशीनगन तुकडी होती. १९१८ मधील ॲलनबींच्या घोडदळात भारतीय स्वारांचा मोठा भरणा होता. २३ सप्टेंबरला हैफा घेतले ते जोधपूर व म्हैसूरच्या भालाईतांनी. चित्रपटाच्या कथेत यांना स्थान नाही. भारतीय नट दिसतो तो अरबी वेशात, गासिम होऊन.

चित्रपट १९३५ च्या मोटारसायकल अपघाताने उघडतो, लगेच युद्धकाळातील कैरोला जातो आणि १९१८ च्या दमास्कसपाशी संपतो. मधल्या सतरा वर्षांना त्यात वाव नाही. युद्धात कर्नलपदाला पोहोचलेल्या या माणसाने १९२२ मध्ये नाव बदलून हवाई दलात साध्या शिपायाची जागा धरली, म्हणजे जेथे हुकूम देण्याची पाळी येत नाही अशी. १९२७ च्या आरंभी तो ‘शॉ’ या नावाने कराचीच्या ड्रिघ रोड तळावर आला. वर्गणीदारांपुरती छापलेली ग्रंथाची आवृत्ती तेव्हा नुकतीच निघाली होती. पुढच्या वर्षी सरहद्दीवरच्या मिरानशाह ठाण्यात तो कारकुनी करी आणि फावल्या वेळात होमरच्या ‘ओडिसी’चे भाषांतर करी. अफगाणिस्तानात तो हेरगिरी करीत असल्याच्या वावड्या वृत्तपत्रांत उठल्या, तेव्हा जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून बोटीने घाईघाईने इंग्लंडला परत पाठवण्यात आले.