मूळव्याध, फिशर की भगंदर? आधी ओळखा, मग उपचार

शौचाच्या जागी काहीही झालं की आपण त्याला सरसकट ‘मूळव्याध’ म्हणतो. मग लाजेपोटी कुणाला न दाखवता मेडिकलमधून मलम आणून लावतो. पण इथे तीन वेगवेगळे आजार असू शकतात आणि तिघांचे उपचारही वेगळे आहेत.

मूळव्याध म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. बद्धकोष्ठता, कुंथणं किंवा गरोदरपण यामुळे त्या फुगून खाली सरकतात, यालाच कोंब म्हणतात. आतल्या मूळव्याधीत रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही. बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ झाली तर मात्र एकाएकी जोरात दुखतं.

फिशर म्हणजे चीर. शौचाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं होतं आणि नंतरही बराच वेळ आग होत राहते. ‘मूळव्याध फार दुखतेय’ म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात फिशरच असतं!

या दोन्हींत सुरुवातीचे उपाय साधे आहेत: भरपूर पाणी, भाज्या, फळं, इसबगोल आणि दिवसातून दोन-तीनदा 10 ते 15 मिनिटं टबातल्या कोमट पाण्यात बसणं. शौचालयात मोबाईल नेऊ नका. रील्स बघत अर्धा तास बसलं की त्या भागावर विनाकारण ताण येतो. ताज्या फिशरला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मलमानं काही आठवड्यांत चीर भरते. मूळव्याधीचे कोंब रबर बँड लावूनही काढता येतात.

भगंदराचं गणित वेगळं आहे. आतल्या ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन गळू होतं, ते फुटतं आणि आतून बाहेर त्वचेपर्यंत बोगदा तयार होतो. पुळी येते, पू जातो, बरं वाटतं आणि काही दिवसांनी पुळी पुन्हा तिथेच येते. हा बोगदा मलमानं किंवा अँटिबायोटिकनं सहसा बुजत नाही, त्यासाठी शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र लागतं. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा. तो बोगद्यात ओवून साधारण दर आठवड्याला बदलतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं केलेल्या आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्रानं जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण कमी दिसलं.

मात्र बोगदा शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूतून जात असेल आणि तो स्नायू जास्त कापला गेला, तर ताबा कायमचा जाऊ शकतो. म्हणून गुंतागुंतीच्या भगंदरात आधी एमआरआय करतात. भिंतीवरची ‘एका इंजेक्शनात मुळापासून बरे’ ही जाहिरात वाचून तर अजिबात जाऊ नका. सर्जन किंवा क्षारसूत्राचं रीतसर शिक्षण घेतलेले आयुर्वेद शल्यचिकित्सक यांच्याकडेच जा. भगंदर वारंवार होत असेल तर त्यामागे क्षयरोग किंवा आतड्याचा आजार नाही ना, हेही तपासावं लागतं.

गुदद्वाराजवळ सूज, ठणका आणि ताप असेल तर थांबू नका. मधुमेह असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तासोबत वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल किंवा वय 45 च्या पुढे असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ असं धरून चालू नका. डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल विचारा.