सीएफएल दिवा

सीएफएल अर्थात कॉम्पॅक्ट फ्ल्युओरेसंट लॅम्प हा कमी विजेत अधिक प्रकाश देणारा घरगुती दिवा आहे. ट्यूबलाइटचेच हे वळवून आटोपशीर केलेले रूप होय. १५ वॅटचा सीएफएल साधारणतः ६० वॅटच्या तारेच्या बल्बाइतका उजेड देतो. १९७६ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंता एडवर्ड हॅमर यांनी त्याची सर्पिल नळी तयार केली. भारतात २०१५ नंतर एलईडी दिव्यांनी त्याची जागा झपाट्याने घेतली. तरी जुने सीएफएल आजही अनेक घरांत आढळतात.

कार्य

तारेच्या बल्बात टंगस्टनची तार तापून प्रकाशते व बहुतांश वीज उष्णतेतच खर्ची पडते. सीएफएलच्या नळीत कमी दाबाचा आरगॉन वायू आणि अत्यल्प पारा असतो. विद्युत्प्रवाहामुळे पाऱ्याच्या बाष्पातून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या आतील फॉस्फरचा लेप ते शोषून दृश्य प्रकाश देतो. बुडाशी असलेले बॅलास्ट प्रवाह नियंत्रित करते. पाऱ्याचे पुरेसे बाष्प होईपर्यंत उजेड मंद असतो. वारंवार चालू-बंद केल्याने दिव्याचे आयुष्य घटते, म्हणून न्हाणीघरासाठी तो तितकासा सोयीचा नाही.

सुरक्षितता

एका दिव्यात साधारणपणे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पारा असतो. ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या तापमापीत तो सुमारे ५०० मिलिग्रॅम असे. अखंड दिव्यातून पारा बाहेर पडत नाही. त्यामुळे भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र दिवा फुटल्यास निष्काळजीपणाही नको.

अशा वेळी मुलांना व पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर न्यावे, पंखा किंवा वातानुकूलन यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे खोलीत जाऊ नये. काच दिसताच हात झाडूकडे जातो. नेमके तेच टाळावे. झाडूने व व्हॅक्यूम क्लीनरने पारायुक्त भुकटी अधिक पसरते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत व फरशी ओल्या कागदाने पुसावी. हे सारे झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून घराबाहेर ठेवावे.

निकामी दिवाही ओल्या कचऱ्यात टाकू नये. भारतातील ई-कचरा नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश असून ते अधिकृत संकलन केंद्राकडे सोपवणे अपेक्षित आहे.