शृंगारलेल्या शेपटीचं नाव

खारघरच्या डोंगरावर पहिला मोठा पाऊस झाला, पांडवकडा पांढरा दिसू लागला, की खालच्या पाणथळीत बेडूक ओरडू लागतात. बेडकांवर कविता पुष्कळ झाल्या. त्यांच्या पोटात राहणाऱ्यांवर मात्र कुणी लिहीत नाही.

मी बी.ए. झालेला माणूस. कॉलेजात शास्त्र शाखेच्या एका मित्राने फाडलेल्या बेडकाच्या फुप्फुसातला बारीक दोरा मला दाखवला होता. दाखवून त्याने तो चिमट्याने बाजूला टाकला. अभ्यासक्रमात बेडूक होता, कृमी नव्हता!

हे सूत्रकृमी नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. मग त्यांना वेगवेगळी नावं दिली कशावरून? कुणाच्या पोटात सापडला, एवढ्यावरून भागत नाही. एकाच बेडकात अनेक जाती नांदतात आणि एकच जात दोन निराळ्या प्राण्यांतही आढळते. म्हणून कृमीचंच शरीर पाहावं लागतं. लॅक्टोफिनॉलमध्ये ठेवला की तो पारदर्शक होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतलं सगळं दिसू लागतं. तोंडाला ओठ किती? अन्ननलिकेच्या टोकाला फुगीर कंद आहे का? नराच्या शेपटीवरचे उंचवटे कसे मांडलेत? मीलनाचे काटे किती लांब?

सापाच्या आतड्यातल्या कॅलिसेफॅलसचं तोंड शिंपल्यासारखं दोन भागांचं असतं. सरड्यातल्या स्ट्राँगिल्युरिसच्या नराला गुदद्वाराच्या पुढे एक शोषक असतो. बेडकाच्या फुप्फुसातला ऱ्हॅब्डियास तर चकवाच देतो. तिथे नर सापडतच नाही. फुप्फुसातली पिढी उभयलिंगी असते. नर आणि मादी वेगळे दिसतात ते मातीत जगणाऱ्या पिढीत.

बेडकांतल्या एका कृमीचं नाव आहे कॉस्मोसर्का. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शृंगारलेली शेपटी. नराच्या शेपटीवर फुलासारखी नक्षी असते, म्हणून हे नाव. त्याचा जवळचा नातेवाईक अप्लेक्टाना, म्हणजे ती नक्षी नसलेला. बारकाईने पाहणाऱ्याने जे पाहिलं, तेच नावात ठेवलं.

१९१४ साली एफ. एच. स्टुअर्ट यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात अशाच एका कृमीचं वर्णन केलं. जातीचं नाव ठेवलं मॅकिन्टॉशी. १९२७ साली जे. एन. कर्वे यांनी ती जात पुन्हा तपासली आणि तिचं वर्णन नव्याने लिहिलं. पुढे १९३० मध्ये त्यांनी बेडूक व भेकांतल्या कृमींवर लिहिलं आणि १९३८ मध्ये सरड्यांतल्या कृमींवर. हा दुसरा लेख छापला गेला तो थेट ब्राझीलमध्ये, लाउरो त्रावासोस यांच्या गौरवग्रंथात. याच सुमारास, १९३६ आणि १९३९ मध्ये, एच. ए. बेलिस यांनी भारतातल्या सूत्रकृमींवरचे दोन खंड प्रसिद्ध केले.

मॅकिन्टॉशी आज अप्लेक्टाना या प्रजातीत गणली जाते. ज्याला आपण राना टायग्रिना म्हणून ओळखत होतो, त्या बेडकाचं नावही आता होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस झालं आहे. नावं बदलतात. पण काळजीने काढलेली शेपटीची आकृती शंभर वर्षांनीही कामाला येते.

१९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली. २०११ नंतर कॉलेजांतलं विच्छेदनही टप्प्याटप्प्याने थांबवलं गेलं. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण त्याबरोबर असा कृमी नजरेस पडण्याचा एक प्रसंगही संपला. आता डीएनए तपासता येतो, हे खरं. तरी त्या अक्षरांना नाव जोडायला आधी कुणीतरी शरीर ओळखलेलं असावं लागतं.

आमच्याकडे एखादी पाणथळ बुजते, तेव्हा बेडकांचा आवाज थांबतो एवढंच आपल्या ध्यानात येतं. त्यांच्याबरोबर आत राहणारेही जातात. त्यांतल्या कुणाची शेपटी शृंगारलेली होती, हे पाहायचं राहून गेलेलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)